पगार थांबला तरी दवाखाना थांबू नये: सीमाभागातून एक खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री व मा. कामगारमंत्री, कर्नाटक शासन,
कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे कर्नाटकातील अधिकारी,
आणि हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येणारे सर्व आमदार

स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कामगारांचे ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे), रेशन कार्डाचे आणि दवाखान्याचे कागद आम्ही भरून देतो. हे कागद कुठे अडतात आणि का अडतात, ते आपल्यापुढे मांडायचे आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. आजारपणात बुडालेल्या पगाराची भरपाई नोकरीशी बांधलेली असावी हे आम्हाला मान्य आहे, कारण पगार नोकरीचाच असतो. उपचार मात्र नोकरीशी बांधू नका. माणूस जिथे राहतो तिथे, तो कामावर असो वा नसो, त्याला उपचार मिळाले पाहिजेत. आज या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधल्या आहेत आणि नोकरी गेली की दोन्ही तुटतात.

आधी पगारचिठ्ठी बघू. १५,००० रुपये पगाराच्या माणसाच्या चिठ्ठीत 'ईएसआय ११३' असा आकडा असतो. पगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे, ते वरच्या रुपयात धरतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. दोन्ही मिळून महिन्याला ६०१ आणि वर्षाला ७,२१२ रुपये त्या एका माणसाच्या नावे जमा होतात. मालकाचा वाटाही माणसाला कामावर ठेवण्याच्या खर्चातच धरलेला असतो. म्हणून ईएसआयला 'कंपनीने दिलेली सोय' म्हणतात ते आम्हाला पटत नाही. हा कामगाराच्या घामाचाच पैसा आहे, फक्त तो मालकाच्या हातून भरला जातो. आणि दुसऱ्याच्या हातून भरला जातो, म्हणूनच तो अडतो.

एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीतल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. आजारपणातला रोख लाभ म्हणजे सरासरी रोजाचे ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर सहा महिन्यांचे १५६ होतात, त्याचे निम्मे ७८. हिशेब रास्त आहे. पण उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या ठेकेदारी कामात तो कसा मोडतो ते पाहा. माणूस २६ दिवस राबतो. ठेकेदार त्याला ठरलेली रक्कम देतो आणि ती किमान वेतनापेक्षा कमी असते. मग रोजाचा दर कायद्याप्रमाणे दिसावा म्हणून मस्टरवर १२ दिवसच दाखवतो. १२ गुणिले ६ म्हणजे ७२. सहा महिने पूर्ण राबूनही माणूस सहा दिवस कमी पडले म्हणून लाभाबाहेर जातो, आणि हे त्याला कळते ते हाताला प्लास्टर घालून शाखा कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहिल्यावर.

अशीच दुसरी गोष्ट विमा क्रमांकाची. दहा आकडी विमा क्रमांक जन्मभर एकच असायला हवा. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवी नोंदणी टाकतो. मागची चार वर्षे एका क्रमांकावर, पुढचे आठ महिने दुसऱ्यावर. मोठ्या आजाराच्या लांबलेल्या लाभासाठी दोन वर्षांची नोकरी लागते, ती मग कुठल्याच क्रमांकावर पूर्ण दिसत नाही. आम्ही कामगारांना सांगतो की कामावर लागताना जुन्या पेहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राची, झेरॉक्स द्या, आणि दर महिन्याच्या १५ तारखेनंतर उमंग अ‍ॅपवर आपली वर्गणी आणि दिवस तपासा, कारण मागच्या महिन्याची वर्गणी भरायची मुदत १५ तारीख आहे. दिवस कमी दिसले तर त्याच महिन्यात लेखी तक्रार द्या. सहामाही संपल्यावर मस्टर दुरुस्त करून घेणे फार जड जाते. पण भट्टीसमोर दहा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने आपल्या उपचारासाठी ठेकेदाराचे हिशेब तपासत बसावे, अशी व्यवस्था असणेच मुळात चूक आहे. पगारातून कापलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. मालकाने वर्गणी चुकवली तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यापासून आहे. 'करू शकते' या जागी 'करेल' हवे. आधी उपचार करा, वसुली मागाहून मालकाकडून करा.

आता पगाराच्या मर्यादेकडे वळू. जानेवारी २०१७ पासून ती २१,००० वर आहे. पगार त्यावर गेला की चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, मग माणूस बाहेर. मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरायचा नसतो. काही ठिकाणी तो धरून माणसाला मुदतीआधीच बाहेर काढतात, तिकडे महामंडळाच्या तपासनिसांनी लक्ष द्यावे. खरा प्रश्न पुढे आहे. ईएसआयच्या बाहेर पडलेला माणूस जातो कुठे?

तो राज्याच्या आरोग्य कर्नाटक योजनेकडे जातो. तिथे बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचे) कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल (दारिद्र्यरेषेवरचे) असेल तर शासन पॅकेजच्या दराचे ३० टक्के देते, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. १ लाखाच्या शस्त्रक्रियेला ७० हजार घरातून घालावे लागतात. बीपीएल कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १०,०००. कारखान्यात किमान वेतनावर लागलेला माणूसही या रेषेच्या वर जातो. म्हणजे नोकरीने त्याला ईएसआय दिले आणि त्याच नोकरीने त्याचे बीपीएल कार्ड घालवले. नोकरी सुटली की काही महिन्यांनी ईएसआय संपते, पण बीपीएल कार्ड आपोआप परत येत नाही. उत्पन्नाचा नवा दाखला, नवा अर्ज, पडताळणी, आणि अर्ज घेणे चालू असेल तर. मधल्या महिन्यांत तो माणूस दोन्ही यादींत नसतो.

हेच तारखांवर मांडून पाहू. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ) करणारा एक कामगार धाप लागते म्हणून १० ऑगस्टला काम सोडतो. एप्रिलपासूनचे त्याचे ७८ दिवस भरले आहेत, म्हणून लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत चालतो. १ जुलैला कार्ड बंद. पण त्याची धाप १ जुलैला थांबत नाही, कारण त्यामागे अनेकदा सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असतो, आणि सिलिकोसिस पुढच्या प्रत्येक वर्षी वाढतच जातो.

यावर थोडे थांबून लिहायला हवे, कारण बेळगाव हे फाउंड्रीचे शहर आहे. साचा फोडताना आणि कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना जी धूळ उडते तिचे बारीक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. तेच फुप्फुसात तळापर्यंत जातात आणि तिथे कायमचा व्रण करतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. त्यासाठी योग्य मास्क, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि जमेल तिथे ओले काम लागते. दोष दिसायला वर्षे जातात, तोवर माणसाने तीन कारखाने बदललेले असतात. एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसतो. सहा महिने क्षयाच्या गोळ्या होतात, धाप तशीच राहते. सिलिकोसिस असलेल्याला क्षय लवकर धरतो, त्यामुळे दोन्ही असण्याचीही शक्यता असते. ईएसआयच्या कायद्यात हा आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला आहे. वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाचे प्रमाण ठरवले तर कायमचा मासिक लाभ मिळतो. पण त्यासाठी हा माणूस कुठे, कुठल्या खात्यात, किती वर्षे होता याचा कागद लागतो. तुटलेल्या विमा क्रमांकांमुळे नेमका तोच कागद नसतो.

आणि त्याचे काम काय होते हे त्याला कुणी विचारतही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सिव्हिलपर्यंत केसपेपरवर नाव, वय, गाव, बीपी, वजन असते. 'काय काम करता? किती वर्षे?' ही एक ओळ छापून घ्या. छपाईचा खर्च काहीच वाढणार नाही. पुढे कुठल्याही मंडळासमोर त्या तारखेची ती सरकारी नोंद त्या माणसाचा पुरावा होईल.

हे झाले ईएसआयच्या आत असलेल्यांचे. या जिल्ह्यातले बहुतेक कष्टकरी आत येतच नाहीत. साखर हा इथला सर्वांत मोठा उद्योग, आणि ईएसआयच्या कायद्याने साखर कारखाना हा 'हंगामी कारखाना' म्हणून वगळलेला आहे. अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाकच्या गाळपावर पोट असलेल्यांना कारखान्याने आपणहून काही दिले तर दिले. ऊसतोड टोळीचा मालक कोण, मुकादम की कारखाना, हेच ठरत नाही, मग वर्गणी कोण भरणार? कोयता पायावर बसला तर खर्च उचलीत जमा होतो आणि पुढच्या हंगामात फेडावा लागतो. वडगाव, खासबाग, शहापूरच्या यंत्रमागांवर एका शेडमध्ये चार-सहा माग, चार-पाच माणसे. कायद्याला दहा लागतात. खानापूरच्या वीटभट्ट्यांवर काम पावसाबरोबर बंद होते. निपाणीत घरी बसून बिडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार बिड्यांमागे, नाव लॉगबुकात. त्यांच्यासाठी १९७६ चा कल्याण निधी होता, बिडीवरच्या उपकरातून तो भरायचा. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो उपकरच गेला. बिडी कामगाराच्या ओळखपत्रावर उपचार आणि मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून असते, आणि ते ओळखपत्र मिळण्यासाठी कारखानदाराची किंवा गावपातळीवरची नोंद लागते. इथेही तोच खोडा आहे: उपचार हवा तर आधी मालक दाखवा.

आता सीमेविषयी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतली माणसे रोज चंदगड हद्दीतल्या शिनोळीला कामाला जातात, निपाणीची कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. ईएसआय केंद्राचे आहे, सीमा आड यायला नको. पण दवाखाने राज्ये चालवतात. नोंदणी करताना कारखान्याचा कारकून दवाखाना आपल्याच भागातला टाकून मोकळा होतो. तापाने फणफणलेल्या मुलाला उचगावहून घेऊन आई महाराष्ट्रातल्या दवाखान्यात जाईल असे तो धरून चालतो. नोंदणीत 'कुटुंब सोबत राहते का' या रकान्यात 'नाही' लिहून त्यांच्या राहत्या जिल्ह्यातला वेगळा दवाखाना निवडता येतो. हे दहातल्या एकालाही माहीत नसते. निपाणीचा माणूस बेळगावला यायचा तर ७५ किलोमीटर, कोल्हापूर ४० वर. त्याला जवळचे रुग्णालय निवडू द्या, राज्य कुठले ते महामंडळाने आपसात मिटवावे. ईएसआयच्या वैद्यकीय खर्चात महामंडळाचे सात वाटे आणि राज्याचा एक वाटा असतो. आठव्या वाट्यासाठी माणसाला ३५ किलोमीटर जास्त पळवू नका.

दुसरी अडचण सोयरिकीची. चंदगड, गडहिंग्लजच्या मुली इकडे नांदायला येतात. त्यांचे नाव माहेरच्या महाराष्ट्रातल्या कार्डावर असते. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, आधारचा पत्ता बदलायचा, मग इथल्या कार्डात नाव घालायचे. यात सहज वर्ष जाते, आणि याच वर्षात पहिले बाळंतपण येते. सिझर झाले की कळते, सुनेचे नाव कार्डावर नाही. लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्यावर आरोग्य कर्नाटकमध्ये तात्पुरती नोंद घ्यावी, रेशन कार्डाची दुरुस्ती मागाहून होऊ द्यावी.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकने हरकत घेतली. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर आमचे मत सर्वांना माहीत आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण डायलिसिसवरच्या रुग्णाला निकालाची वाट पाहता येत नाही, त्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा खुर्ची लागते. दुसऱ्या राज्याने पैसे दिले म्हणून कर्नाटकाचा अधिकार कमी होत नाही. अपमान वाटत असेल तर मार्ग सोपा आहे: त्या गावांना इतके चांगले उपचार द्या की कुणाला पलीकडच्या कार्डाची गरजच पडू नये. आणि महाराष्ट्रालाही सांगतो, नुसत्या घोषणेने कुणाचे ऑपरेशन होत नाही.

आरोग्य कर्नाटकमध्ये १,६५० उपचार आहेत. त्यातले साधे उपचार सरकारी दवाखान्यातच होतात, मोठ्यांसाठी सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र लागते, आणि तातडीच्या उपचारांना पत्राशिवाय थेट दाखल होता येते. लोक उलट करतात: आधी खासगीत दाखल होतात, तीन दिवसांनी पत्र आणायला धावतात, आणि तोवर मंजुरीची वेळ गेलेली असते. हे अज्ञान त्यांचे म्हणता येणार नाही. माहितीचे फलक कन्नड आणि इंग्रजीत आहेत. खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरच्या आजीला दोन्ही वाचता येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतात, त्यात काय लिहिले आहे ते तिला कुणी तिच्या भाषेत सांगत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत समजून-उमजून दिलेली संमती हा हक्क आहे. रेफरल पत्राची पद्धत, तातडीच्या उपचारांची यादी आणि संमतीपत्र मराठीतही असावे. कन्नडच्या जागी नको, कन्नडच्या शेजारी.

कुणी विचारेल, उपचार हा हक्क आहे हे ठरवले कुणी? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात धरले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सांगितले की सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे हा त्याच कलमाचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. त्या खटल्यातला माणूस रेल्वेतून पडला होता आणि एकामागून एक दवाखाने त्याला परत पाठवत होते. तो कुठे नोकरीला आहे हे न्यायालयाने विचारले नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. कर्नाटकाला तर बाहेर पाहण्याचीही गरज नाही. यशस्विनी योजना इथेच २००३ मध्ये सुरू झाली, सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी, पगारचिठ्ठीशिवाय. २०१८ मध्ये ती बंद केली, आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू केली तेव्हा ग्रामीण भागात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि ५ लाखांचे संरक्षण, अशी रचना ठेवली. नोंदणीची मुदत चुकली की वर्ष जाते आणि सभासदत्व नसेल तर दार बंद, हे तिचे दोष आहेत. पण मालकाशिवाय आरोग्य संरक्षण देता येते हे याच राज्याने करून दाखवले आहे.

म्हणून या अधिवेशनात एवढे तरी करा. ईएसआयची वर्गणी थांबली की त्या कुटुंबाचे नाव त्याच दिवशी, अर्जाशिवाय, आरोग्य कर्नाटकच्या पूर्ण ५ लाखांच्या यादीत जावे, आणि नवी वर्गणी सुरू होईपर्यंत तिथेच राहावे. महामंडळाकडे आधार आहे, आपल्याकडेही आधार आहे, जुळवणी एका संगणकीय आदेशाची आहे. साखर कारखान्यांच्या हंगामी कामगारांची आणि ऊसतोड टोळ्यांची यादी गाळप परवान्याबरोबर मागवा आणि हंगामाच्या पहिल्या दिवसापासून त्यांना त्याच यादीत घ्या. वय होऊन निवृत्त झालेल्या विमा कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात, पाच वर्षांची नोकरी असली तर. त्यासाठी लागणारा मालकाचा दाखला बंद करा, महामंडळाच्या स्वतःच्या नोंदी पुरेशा आहेत. कारखाना बंद पडलेला असतो आणि दाखला द्यायला कुणी उरलेले नसते, म्हणून ही १२० रुपयांची सोय हजारो घरांत पोचतच नाही.

अधिवेशनाच्या काळात अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयात आणि सिव्हिलमध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या वेळी आपण एखादा तास बसावे, ही विनंती. कागद घेऊन आम्ही तिथे येऊ, आणि केसपेपरच्या त्या एका ओळीचा मराठी-कन्नड नमुना सोबत आणू.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी भागातील कामगारांचे विमा आणि दवाखान्याचे कागद पाहणारे कार्यकर्ते